केबल कोणी कसली?

साउन १२, सिमलडाँडा

दाइ,

पत्र फाडायचं असेल तर आधी उलटून बघ. मागच्या बाजूला मशीनच्या पाठीचं चित्र काढलंय. त्यावर बाण आणि आकडे घाल, खिमच्या खोलीवर पोचतं कर, तो सुट्टीला गावी येताना आणेल, मग राहिलेला कागद खुशाल फाड.

आपल्या रेडिओचा नवा अॅम्प्लिफायर आला. बुटवलहून जीपने खालच्या बाजारापर्यंत आणि तिथून वर दोन माणसांच्या पाठीवर. खोका उघडताना सगळी समिती हजर होती. हेडसरांनी चार शब्द बोलून सुतळी कापली आणि ओमकली फुपू टाळ्या वाजवायच्या आधीच म्हणाली, "हा तरी जाळू नका म्हणजे झालं." बाबांची सख्खी बहीण, पण तिची जीभ तुला माहीत आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खोक्यातला थर्मोकोल वेचत बसले.

तू गेल्यापासून ते छोटं तीस वॉटचं मशीन एकटंच रेटतंय. आवाज शाळेच्या मैदानाच्या जरा पुढे जातो आणि तिथे दम टाकतो. पलीकडच्या डाँड्यावर, डोंगराच्या माथ्यावर राहणारे लोक म्हणतात, तुमचा रेडिओ तुम्हीच ऐका. सरांनी स्पष्ट सांगितलंय, या दसैंच्या सणाला चारही गावांना टिका लावायची साइत, नेमका मुहूर्त, आपल्या रेडिओवरून ऐकू गेली तर रेडिओ चालेल, नाहीतर दाराला कुलूप. हे मशीन मोठ्या खटपटीने मिळालंय. हेही जळलं तर तिसरं कोणी देणार नाही.

बुटवलचा माणूस म्हणतो, दसैंनंतर येतो. मग मीच म्हटलं, मी लावते. तोंडातून निघून गेलं. सर म्हणाले, "झुमा, तू बातम्या वाचतेस." मी म्हटलं, "दाइच्या हाताखाली सहा वर्षं नट कसायचे पाने कोणी धरले?" यावर फुपू खोकली.

आता घोळ असा की मशीनच्या पाठीला दोन गोल तोंडं आहेत, अगदी जुळी. एकात छोट्या मशीनकडून आवाज येणार, दुसऱ्यातून ताकद घेऊन अँटेनाकडे जाणार. खाली लिहिलेलं अर्धं पुसलंय. सोबतची पुस्तिका चिनी माणसाने इंग्रजीत लिहिलीय आणि सरांनी तिचा अर्थ लावला तो असा: 'कृपया अँटेनाला आधी प्रसन्न करा. आनंद नंतर होईल.' मी विचारलं, "सर, खरंच असंच लिहिलंय?" ते म्हणाले, "मी तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय." मी पुस्तिका मिटली.

तुझी वही आहे माझ्याकडे. तिच्यात एका ठिकाणी 'अर्थिंग सगळ्यात आधी' आणि चार पानांनी 'अर्थिंग सगळ्यात शेवटी' असं आहे. यातलं खरं कुठलं?

आमा बरी आहे. गुडघा दुखतो. तुझं नाव काढत नाही. हे मी मनाचं लिहीत नाही, खरंच काढत नाही. काढलं तर जे बोलते ते लिहिण्यासारखं नसतं.

त्या नवमीचं मी काही लिहीत नाही. तुला सगळं माहीत आहे. मला नीट आठवतही नाही.

झुमा

भदौ ९

दाइ,

परवा पाकीट मिळालं. माझंच चित्र परत आलं. एक ते सात आकडे, सात बाण, एका तोंडाखाली 'आत', दुसऱ्याखाली 'बाहेर', आणि कोपऱ्यात एक हाताचा पंजा काढून त्यावर फुली. शब्द म्हणून बाकी काही नाही. पाकीट उलटं करून झटकलं, मग फाडून आतून बघितलं. बहिणीला 'बरी आहेस ना' एवढे तीन शब्द लिहायला कतारमध्ये बंदी आहे का?

असो. पंज्यावरची फुली कळली. मशीन चालू असताना उघड्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही. पहिल्या आकड्याला तू दोनदा गोल केलाय, तेही कळलं. प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, दुसऱ्याच्या भरवशावर नाही. अर्थिंगचा उलगडाही झाला. जोडताना सगळ्यात आधी, सोडवताना सगळ्यात शेवटी. दोन्ही पानं खरी होती, मीच वेडी.

तर मी काय काय केलं ते सांगते, चुकलं असेल तर कळव. नाहीतर पुन्हा पंजा काढून पाठव, तोही चालेल.

अर्थिंगचा खड्डा उकरला. कोळसा आणि मीठ नवं भरलं, दोन घागरी पाणी ओतलं. जाड तार मशीनच्या पाठीच्या बोल्टला पाना लावून कसली. रंग खरवडून धातू उघडा केला, कारण तुझ्या वहीत तेच मोठ्या अक्षरात लिहिलंय. आमा कुंपणाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "म्हशीला नवं दावं बांधतेस होय?" आमासाठी मशीन म्हणजे अजून म्हैसच. जुनी होती तेव्हा पंख्याच्या गरम वाऱ्यावर हात शेकत तिच्याशी बोलायची, आठवतं ना? मी म्हटलं, "हो, आमा." ती म्हणाली, "या वेळी दावं बांधणारी शुद्धीवर असू दे." शुद्धीवर कोण नव्हतं असं तिला म्हणायचं होतं, ते तुला कळलंच असेल.

मग अँटेनाची केबल मोजायला घेतली. मीटरचं एक टोक मधल्या टाचणीला, एक बाहेरच्या कड्याला. मीटर बोंबलायला लागला. मी वही उघडली. तुझ्या वहीत आहे, 'आतलं आणि बाहेरचं जुळलं तर मशीन मेलं.' आता हे जुळलेलंच दिसत होतं. म्हणजे केबल गेली? दिवसभर चार वेळा मोजलं, चारही वेळा बोंब. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मीटरमध्ये बॅटरी बदल." फुपूला कुठून कळलं कोण जाणे, ती दारात येऊन म्हणाली, "झालं का सुरू?"

तिसऱ्या दिवशी वहीच्या पाठच्या पुठ्ठ्यावर तुझं बारीक अक्षर सापडलं. 'आपला अँटेना असाच बोंबलतो, त्याची घडणच तशी आहे. घाबरू नये. केबल वरून सोडवून मग मोजावी.' दाइ, ही गोष्ट पुठ्ठ्यावर लिहायची होती का रे? पट्टा बांधून टॉवरवर मीच चढले. वरून केबल सोडवली आणि खाली येऊन मोजली. गप्प. जीव भांड्यात पडला. परत वर जाऊन जोडली, रबरी टेप गुंडाळला, पाणी शिरू नये म्हणून केबलला खाली एक झोळ दिला.

टॉवरवरून आपलं घर दिसतं. तुझ्या खोलीत आमाने मका टाकलाय.

तिथे एक गोष्ट मनात आली ती लिहिते. तू कधीही आपल्या डोळ्यांनी न बघता स्विच टाकायचा नाहीस. सहा वर्षांत एकदाच टाकलास. "कसलीस ना?" असं तू दारातून विचारलंस, आणि आतून 'हो' आलं म्हणून टाकलास. मला आवाज आठवतो. तो माझा होता का, हे मात्र कळत नाही. खोलीत आणखी कोणी होतं का?

झुमा

भदौ २३

दाइ,

हे पत्र कसं लिहावं कळत नाही. तीन कागद वाया घालवले. खिम सुट्टी संपवून उद्या निघतोय, तेव्हा आज लिहिलं नाही तर राहिलंच.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. 'हो' मीच म्हटलं.

पण ते नंतर. आधी सोमवारी काय झालं ते. नव्या मशीनसोबत आलेली केबल भिंतीतल्या कनेक्टरपर्यंत एक हात कमी पडते. ताणून लावली तर वाकते, आणि इतकी वाकवायची नाही हे मलाही कळतं. मला आठवलं की जुन्या मेलेल्या मशीनला आपलं लांब शेपूट अजून लटकलेलं आहे. सामानाच्या खोलीत पोती बाजूला करून ते मशीन ओढलं. शेपटाच्या मोकळ्या टोकाला मीटर लावला तर बोंब. म्हटलं, मेलेलं मशीन आहे, बोंबलणारच. मागून शेपूट फिरवून सोडवायला गेले तर हलेना. फडकं गुंडाळून पान्याने फिरवलं तेव्हा कुरकुरत सुटलं. परत मीटर लावला. आता त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं, तरी बोंब.

उन्हात नेऊन आत बघितलं. काळी खरपुडी. सुईने खरवडली तर खाली तांदळाचे दाणे. जळून कोळसा झालेले, पण दाणेच. एका बाजूला, जिथे आच पोचली नाही, तिथे लाल. मशीनच्या तोंडातही तेच. दह्याने पितळ हिरवं पडलंय.

टिका होता, दाइ. दही, तांदूळ, लाल अबीर. आमाचा टिका.

मग सगळं एकदम आठवलं, किंवा आठवलं असं वाटलं. आता कशाचा भरवसा नाही. नवमीच्या पूजेआधी तू प्लग काढून खिशात घातलास आणि सगळ्या केबली सोडवल्यास, म्हणालास, "आता फुलं वाहा, पाणी शिंपडा, कोणाला काही होणार नाही." लोकांचा जीव जपायला तू तोंडं उघडी केलीस. आमा ताट घेऊन आली. मशीनच्या कपाळाला टिका, मुठीला टिका, बटणांना टिका, मग मागे गेली. तिला विचारलं होतं कोणीतरी, "मागे काय करतेस?" ती म्हणाली, "वर्षभर चार गावांसाठी ओरडते बिचारी, तिच्या तोंडात कोणी घालायचं नाही का?" सगळे हसले. मीही हसले. तू तेवढ्यात बाहेर होतास, सरांनी बोकडाचे पाय धरायला बोलावलं होतं. जाताना म्हणालास, "झुमा, केबली लावून घे, बघून लाव. आलोच."

मला साइतीचा कागद पाठ करायचा होता. वर्षातून एकदा चार गावं श्वास रोखून माझा आवाज ऐकणार होती. नवी चौबंदी चोळी शिवली होती. मी भराभरा कसलं.

आत बघितलं का? इथेच माझं डोकं चालत नाही. कधी वाटतं, नाही बघितलं. कधी वाटतं, लाल काहीतरी दिसलं होतं आणि मी म्हटलं, असू दे, कसल्यावर दबेल. हे तेव्हा दिसलं होतं, की आता दाणे पाहिल्यावर मी मागे जाऊन रंगवतेय? रात्रंदिवस हेच चाललंय. देवाशपथ सांगते, कळत नाही.

तू आलास, विचारलंस, मी 'हो' म्हटलं. तू प्लग लावून स्विच टाकलास. दहा मिनिटांत वास सुटला.

दुसऱ्या दिवशी साइत कोणालाच ऐकू गेली नाही. प्रत्येक घराने आपापल्या अंदाजाने टिका लावला आणि महिनाभरात पलीकडच्या गावचे म्हातारे मुखिया बाजे वारले, तेव्हा सगळं खापर तुझ्यावर फुटलं. समितीत सरांनी विचारलं, "शेवटची केबल कोणी कसली?" मी म्हटलं, "मी कागद वाचत होते, मला माहीत नाही." तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग म्हणालास, "चूक माझी आहे, सर."

मी तेव्हाच बोलले असते तर काय झालं असतं? मला बातम्यांवरून काढलं असतं, एवढंच. तेवढ्यासाठी मी तुला दोहाच्या उन्हात केबली ओढायला पाठवलं. मला लाज वाटते, दाइ. दोन वर्षं वाटत होती, पण तिला नाव दिलं नव्हतं.

आता काय करू ते सांग. मी कसली एवढंच समितीला सांगू? ते अर्धं होईल. दाण्यांचं सांगितलं तर आमाचं काय? गुडघ्याने लंगडत बाजारात जाते, उद्या लोक तिच्या पाठीमागे म्हणतील, म्हातारीने दहीभात घालून रेडिओ मारला. आणि दोन वर्षं ती तुलाच बोल लावतेय, तिला हे कळलं तर ती काय करेल? मला काही सुचत नाही. दाणे कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेत, कशाला तेही माहीत नाही.

झुमा

असोज ४

दाइ,

उत्तर आलं नाही. खिमने फोनवर सांगितलं, "दिलं त्याच्या हातात. उभ्या उभ्या वाचलं आणि घडी करून खिशात घातलं." फाडलं नाही एवढंच मला पुरे.

तू काही बोलत नाहीस म्हणून मशीनचंच लिहिते. केबल नवी आणली, दोन्ही टोकांना कनेक्टर आधीच बसवलेली. आता केबल लावायच्या आधी प्रत्येक तोंडात टॉर्च मारून बघते, फुंकर घालते, मग परत बघते. सर म्हणाले, "दाताचा डॉक्टर झालीस काय?" हाताने सरळ बसवते, आटे वाकडे जाऊ देत नाही, घट्ट झाल्यावर उगाच जोर लावत नाही.

जिल्ह्याच्या रेडिओवाल्यांकडून खोटा अँटेना उसना आणला. जड काळा डबा, पाठीला पन्हाळं. मशीनची सगळी ताकद तो गिळतो आणि गरम होतो, हवेत काहीच जात नाही. मोठं मशीन आधी चालू केलं, छोट्याची ताकद अगदी तळाला ठेवून. मग एकेक पायरी चढवत गेले. जाणारी ताकद दाखवणारा काटा वर सरकत होता आणि परत येणारी दाखवणारा झोपून होता. अर्धा तास चाललं. मी खुर्चीत न बसता उभीच होते, हात मागे बांधून, तुझ्या फुलीची आठवण ठेवून. बंद करताना छोटं आधी खाली आणलं. मशीनला काही झालं नाही. माझा मात्र ब्लाउज घामाने भिजला.

खरा अँटेना अजून जोडला नाही. तो जोडायच्या आधी मला बोलायचं आहे. परवा शुक्रवारी समिती बसतेय. मी कसली, एवढं तरी सांगणार. दाण्यांचं नाही. तू हो म्हण की नाही म्हण, माझं ठरलंय. ठरलंय असं लिहिते आहे खरी.

झुमा

असोज १३

दाइ,

सरांचा फोन स्पीकरवर होता आणि आमा समोरच्या बाकावर बसली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहवणार नाही.

ती श्रोत्यांच्या बाजूने समितीत बसते, तू गेल्यावर तिला घेतलं. मी उठून सांगितलं, "त्या नवमीला शेवटची केबल मी कसली. दाइने नाही. मी खोटं बोलले." मला वाटलं होतं, गदारोळ होईल. कसलं काय! सर म्हणाले, "बस, झुमा, बस." फुपू म्हणाली, "भावाला परत आणायचंय, दुसरं काय? मशीन आलं, आता कसणारा हवा."

"फुपू, मी खरं सांगतेय."

"दोन वर्षांपूर्वीही खरंच सांगत होतीस ना?"

खोटं एका वाक्यात पटलं होतं आणि खरं पटवायला माझ्याजवळ पुडीतल्या दाण्यांशिवाय काही नव्हतं. ती पुडी माझ्या कमरेच्या पटुकीत होती आणि आमा तीन हातांवर. मी हात पटुकीवर ठेवून उभी राहिले.

तेव्हा सर म्हणाले, "शुक्रवार आहे, त्याला सुट्टी असेल. त्यालाच विचारू." माझा फोन तू उचलत नाहीस, त्यांचा उचललास.

पुढचं तू बोललास तेच आहे, पण इथे कसं ऐकू आलं ते तुला माहीत नाही. सरांनी विचारलं, "दलमान, झुमा म्हणते केबल तिने कसली. खरं का?" तू म्हणालास, "तिने सांगितलं? स्वतः उठून?" तुझा आवाज फाटला. "कसली तिनेच, सर. पण कनेक्टरच्या आत आमाचा टिका होता. मी त्याच संध्याकाळी उघडून बघितलं आणि परत कसून ठेवलं. म्हटलं, माझं नाव गेलं तर मी कुठेही जाऊन पोट भरेन, आमाला याच गावात म्हातारपण काढायचंय. फक्त आमाला यातलं काही कळू देऊ नका."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. तू आमाला झाकलंस आणि माझ्यावर रागावलास, ते समितीपुढे खोटं बोलले म्हणून नाही, तर नंतरही तुझ्याजवळ येऊन बोलले नाही म्हणून. बरोबर ना? मी दोन वर्षं उलटंच धरून बसले होते. मला वाटत होतं तुझं नाव गेलं म्हणून तू रागावलास.

सरांनी घाईने फोन बंद केला. तुला वाटलं असेल लाइन तुटली. सगळे आमाकडे बघायला लागले.

आमा म्हणाली, "तांदूळ होते?"

मी पुडी काढून दिली. तिने उघडून बोटाने दाणे चाळले.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"तीन आठवडे, आमा."

"आणि कसली तूच, हे?"

"पहिल्यापासून."

"दोन वर्षं मी त्याला शिव्याशाप दिले," ती म्हणाली, "आणि तू माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होतीस."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पुडी मुडपून कमरेला खोचली आणि गुडघा धरत घरी गेली. फुपू तिच्या मागोमाग गेली. नंतर कळलं, दोघी अंगणात बसून होत्या.

मी सरांना म्हटलं, मला काढा. ते चष्मा पुसत म्हणाले, "काढतो. पण आधी अँटेना जोड. दुसरं कोण आहे आपल्याकडे?" मग अचानक चिडले. "दलमानवर आरोप मीच लिहिला होता. माझ्या अक्षरात. मला कोण काढणार?"

आमा पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. काल सकाळी मी प्लग खिशात घालून मागे बसले होते, आकडा तीन, अँटेनाची केबल. टॉर्च मारून बघत होते, तर पाठीमागे तिची सावली. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "मलाही दाखव." तोंड दाखवलं. तिने वाकून आत बघितलं. "स्वच्छ आहे," म्हणाली. मग मी केबल बसवली, कसली आणि तिच्याकडे बघितलं. "कसलीस ना?" असं तिने विचारलं नाही. स्वतः हात लावून बघितलं.

मग प्लग. मोठं मशीन, मग छोटं, तळापासून. पहिली पायरी. परत येणारा काटा जरा हलला. पण तिथेच थांबला, वहीत लिहिलेल्या खुणेच्या खूप खाली. दुसरी पायरी. तिसरी. सर बाहेर मोबाइलला चिकटले होते, ओरडले, "पलीकडच्या डाँड्यावर येतंय! नदीपलीकडेही येतंय!" मी गाणं लावलं होतं, नुसतं सारंगीचं. आता मला माइकवर जाऊन रेडिओचं नाव घ्यायचं होतं, पण आमा आधीच आतल्या खोलीत जाऊन माझ्या खुर्चीवर बसली होती.

"हे कुठून बोलायचं?"

"आमा, आत्ता नको. चार गावं ऐकतायत."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मी दारात आलेल्या सर आणि फुपूकडे बघितलं. कोणी नाही म्हणालं नाही. मी गाणं खाली आणलं आणि माइकचं बटण वर केलं.

तिने नाव, गाव, कोणाची बायको, सगळं सांगितलं, कोर्टात सांगतात तसं. मग म्हणाली, "दोन वर्षांमागे दसैंला तुम्हाला साइत मिळाली नाही. ते मशीन माझ्या दलमानने जाळलं नाही. मी त्याच्या तोंडात टिका घातला. माझ्या मुलीने न बघता केबल लावली. मुलाला ठाऊक होतं, त्याने माझं नाव सांगितलं नाही आणि परदेशी गेला. मी त्याला वाईट बोलले, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आता हेही ऐका. ज्यांना मला बोल लावायचा आहे त्यांनी घरी यावं, चहा करीन."

बस. एवढंच. तू जे नाव दोन वर्षं पोटात ठेवलंस ते तिने दोन मिनिटांत नदीपलीकडे पोचवलं. मी रडत बटण खाली केलं आणि चुकून गाणंही बंद केलं. रेडिओ बराच वेळ मुका होता, तरी कोणी फोन करून तक्रार केली नाही.

खुर्चीवरून उठताना तिने विचारलं, "माझा आवाज किती लांब गेला?"

"चारही गावं, आमा. नदीच्या पलीकडे सुद्धा."

"कतारला?"

"नाही. तिथे नाही पोचत."

तिने मेजावरचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"मग लिही," म्हणाली.

झुमा